बेसची वायर आणि वाजवणाऱ्याचं नाव

घरी भीमगीत रेकॉर्ड करणाऱ्या आपल्या पोरांना हमखास एक टोमणा ऐकावा लागतो: बेस गिटार थेट कॉम्प्युटरला जोडून कुठं गाणं होतं का, स्टुडिओत जा. आम्हीही तो ऐकला आहे. पण हा टोमणा मारणाऱ्यांना बेसचा इतिहास ठाऊक नाही.

लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ साली अमेरिकेत आला. तो ॲम्प्लिफायरला जोडायचा आणि ॲम्प्लिफायरसमोर माईक धरायचा, ही तेव्हाची रीत. १९५९ मध्ये बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनी काढली, तिचा स्टुडिओ एका घरातच होता. तिथे साठच्या दशकात जेम्स जेमरसन यांचा बेस ॲम्प्लिफायर आणि माईक दोन्ही टाळून थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये घेतला जाई. ‘माय गर्ल’मधला बेस त्यांचाच. जगाने डोक्यावर घेतलेला तो आवाज म्हणजे घरातल्या स्टुडिओत थेट जोडलेली वायर!

मात्र वायर कुठेही खुपसून चालत नाही. बेसच्या पिकअपचा सिग्नल कमजोर असतो, त्याचा इम्पिडन्स जास्त असतो. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात जोडलात तर आवाज बोदा येतो आणि खरखर वाढते. कन्सोलआधी ‘डायरेक्ट बॉक्स’ लावत ते यासाठीच. आज तेच काम ऑडिओ इंटरफेसवरचं ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असं लिहिलेलं इनपुट करतं. वाजवलेलं उशिरा ऐकू आलं तर सॉफ्टवेअरमधला बफर कमी करा. बस्स, यात ब्रह्मज्ञान काही नाही.

खरा प्रश्न वायरच्या दुसऱ्या टोकाचा आहे. जेमरसन यांनी वर्षानुवर्षं हिट गाणी वाजवली, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचं नाव, कंपनीचं नाव, वादकांचं नाही. मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर मोटाउनने वादकांची नावं छापली. जेमरसन १९८३ मध्ये वारले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली ती २००० साली. कंपनी कृष्णवर्णीय माणसाची होती, तरी हे झालं. मालक आपला असला म्हणजे श्रमाला आपोआप न्याय मिळतो, या भ्रमात आपण राहू नये.

ही दूरदेशीची गोष्ट इथे का, असं कुणी विचारेल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. मग त्यांच्या चुकांतूनही शिकायला हवं.

आमच्याकडे भीमगीतांच्या जुन्या कॅसेट आहेत. परवा त्यांची कव्हरं उलटसुलट करून पाहिली. गायकाचा फोटो मोठा, कवीचं नाव कुठे आहे, कुठे नाही. ढोलकी कुणाची, बेस कुणाचा, एकाही कव्हरवर सापडलं नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती वाजवण्याचं काम जातीने दिलं आणि मानपान मात्र दिला नाही, त्यांच्याच चळवळीच्या गाण्यावर वाजवणारा निनावी!

दोष फक्त कॅसेटवाल्यांचा नाही. गाण्याच्या फाईलमध्ये कलाकारांची नावं लिहायला जागा असते. गेल्या जयंतीला आम्ही घरी केलेल्या गाण्यात ती जागा आम्हीच रिकामी सोडली होती. बेस वाजवणाऱ्या पोराने तक्रार केली नाही, नुसतं विचारलं, “दादा, माझं नाव कुठंय?” फाईल आम्ही काल पुन्हा चढवली, त्याच्या आणि ढोलकीवाल्याच्या नावासकट.