बॅग नक्की कुठे तुटते?

"मजबूत बॅग कोणती घेऊ रे?" असं ऑफिसात कुणी विचारलं की पुढची दहा मिनिटं कामं बंद. कुणी सॅमसोनाईट म्हणतो, कुणी व्हीआयपी. कुणीतरी एक असतोच जो म्हणतो, "कशाला पैसे घालतोस, क्रॉफर्ड मार्केटातून स्वस्तातली उचल आणि दर वर्षी बदल." सोमवारी पहाटेच्या विमानाने बंगलोर आणि गुरुवारी रात्री परत, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हा प्रश्न अगदीच फालतू नाही. मी जरा जास्तच खोलात शिरलो, एवढंच. (रविवारी मेगाब्लॉक होता. शहाडच्या माणसाने करायचं काय?)

खोदत गेलो तेव्हा लक्षात आलं की 'मजबूत' या शब्दाचा अर्थ आजोबांसाठी वेगळा होता, बाबांसाठी वेगळा आणि माझ्यासाठी तिसराच आहे. आणि तो ठरतो सामान उचलतंय कोण यावर. पण मुद्द्याची घाई नको, सुरुवात घरापासूनच करतो.

आमच्या स्टेशनवरून जाणारी लाइन जुनी आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 ला धावली, 1854 ला कल्याण आलं, 1855 ला वासिंद. म्हणजे शहाडवरून आगगाडी जायला लागून पावणेदोनशे वर्षं होत आली. 1861 ला ती कसाऱ्याला पोचली आणि 1865 ला घाट चढून इगतपुरीला. त्याआधी आपल्याकडे सामान म्हणजे गाठोडं, पडशी, फार तर बैलगाडीतला पेटारा. रेल्वेने माणसं लांब जायला लागली, महिनोन्‌महिने परगावी राहायला लागली आणि मग घराघरांत आली पत्र्याची ट्रंक.

ट्रंक हे इंजिनिअरिंगच्या दृष्टीने फार प्रामाणिक प्रकरण आहे. पत्रा, कोपऱ्यांना दुमड, मागे दोन बिजागऱ्या, पुढे कडी-कोयंडा आणि कुलूप. बाजूला लोखंडी कड्या, कारण ती एकट्याने उचलायची नसतेच. दोघांनी धरायची, नाहीतर हमालाच्या डोक्यावर. रिकामीच इतकी जड की आत काय भरलंय हा प्रश्न गौण. पण तिचा कोपरा चेपला तर पत्रेवाला ठोकून सरळ करायचा, बिजागरी गेली तर चार आण्यांत नवी, गंज चढला तर ऑइलपेंटचा हात मारायचा आणि वर पांढऱ्या अक्षरांत नाव-गाव. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत तीच कपाट, तीच तिजोरी आणि पाहुणा आला की तीच खुर्ची. आजोबांच्या लेखी मजबूत म्हणजे जिचा प्रत्येक भाग गावातला कारागीर बदलू शकतो अशी वस्तू. न तुटण्याची अपेक्षा कुणी केलीच नव्हती.

ट्रंकेची सावली रेल्वेच्या नियमांत अजून आहे बरं का. डब्यात सोबत नेण्याच्या पेटीची मापं रेल्वेने दिलीत ती 100 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 25 उंच. हे मोजून बघा. आजच्या कुठल्याही बॅगेसारखं ते दिसत नाही, पण बाकाखाली सरकणारी ट्रंक डोळ्यांपुढे आणा, बरोब्बर बसतं. स्लीपरला 40 किलो फुकट, एसी टू टिअरला 50. विमानाने जाणाऱ्यांनी 15 किलोच्या काट्यासमोर उभं राहून हे आकडे आठवू नयेत, त्रास होतो.

ट्रंकेची जोडीदार म्हणजे होल्डॉल. कॅनव्हासचा, आत अंथरूण गुंडाळून बाहेरून चामड्याचे पट्टे आवळायचे. आमच्या शेजारचं उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी कॅम्प. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या लोकांना त्या बराकींत जागा दिली गेली आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन' असंच म्हणतात. अख्खं शहर सामान उचलून आलेल्या माणसांचं आहे, आणि माझा बॅग रिपेअरवालाही तिथलाच आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

आता शहाडचा खास भाग. शहाड म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, बिर्लांचं विठ्ठल मंदिर आणि सेंच्युरी रेयॉन. कारखाना 1956 चा. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडने त्याचं मधासारखं दाट द्रावण करायचं आणि बारीक छिद्रांतून आम्लाच्या हौदात सोडायचं, की धागा तयार. साड्यांच्या, कपड्यांच्या धाग्याबरोबर इथे टायरमध्ये घालायचा जाड रेयॉनही निघायचा. हो, टायरमध्ये. नुसत्या रबराला कितीशी ताकद असणार? आकार टिकतो तो आतल्या धाग्यामुळे.

बॅगेशी याचा काय संबंध? तर, महागड्या सॅकवर 'कॉर्ड्युरा' असं छोटं लेबल शिवलेलं असतं ना, ते नाव मुळात रेयॉनचं आहे! ड्यूपाँट कंपनीने 1929 मध्ये ते नाव घेतलं ते आपल्या दणकट रेयॉन धाग्यासाठी, आणि दुसऱ्या महायुद्धात तो लष्करी गाड्यांच्या टायरमध्ये गेला. पुढे नायलॉन आलं. रेयॉनची एक खोड आहे, भिजलं की त्याची ताकद बरीच घटते. नायलॉनचं तितकं होत नाही. मग 1960 च्या दशकात कंपनीने नाव तेच ठेवून आतला माल बदलला, कॉर्ड्युरा नायलॉनचं झालं. 1977 च्या सुमारास त्याला नीट रंग देता यायला लागला आणि हे टायरच्या खानदानातलं कापड बॅगांमध्ये शिरलं. 'बॅलिस्टिक नायलॉन' त्याचा चुलतभाऊ, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी विणलेला. कापडी बॅगेत आपण शोधतो तो गुण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तयार होत होता आणि मी मात्र तो नेटवर धुंडाळत होतो. गंमतच आहे.

जाता जाता 'डेनिअर'चं सांगून टाकतो, कारण दुकानदार तो आकडा तोंडावर फेकतो. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. 600 डेनिअर म्हणजे तेवढा धागा 600 ग्रॅमचा. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, बस. तो पॉलिएस्टरचा की नायलॉनचा हे आकडा सांगत नाही, आणि घासून फाटण्याच्या बाबतीत खरा फरक तिथे पडतो.

असो. बाबांच्या पिढीकडे येऊ.

हमाल परवडेनासा झाला किंवा लाज वाटायला लागली म्हणा, मध्यमवर्गीय माणूस स्वतःच सामान उचलायला लागला. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात मुलगा. आता ट्रंक चालणार नव्हती. 1968 मध्ये अ‍ॅरिस्टो प्लास्ट नावाची कंपनी निघाली, 1971 पासून तिचं व्हीआयपी हे नाव बाजारात आलं. दिलीप पिरामल यांनी पुढे ती मोठी केली. साच्यात ओतलेलं कडक प्लास्टिक, मधोमध धातूची कड, दोन खटके, एक मूठ. नाशिक, सिन्नर, जळगाव, नागपूर असे तिचे कारखाने महाराष्ट्रभर झाले. नंतर सॅमसोनाईटनेही भारतातला कारखाना टाकला तो नाशिकजवळ गोंद्यालाच. म्हणजे देशातल्या सुटकेसचा मोठा हिस्सा ज्या मुलखातून आला तो आमच्या कसारा लाइनच्या पुढचाच. नकाशावर बघितल्यावर मला उगाचच अभिमान वाटला.

आयात जवळपास बंद होती, स्पर्धा फारशी नव्हती, त्यामुळे 'व्हीआयपी' हे सुटकेसचं सामान्यनाम झालं. लग्नात मुलीच्या साड्या व्हीआयपीतच जायला हव्यात असा जणू शास्त्रार्थ होता. आमच्या माळ्यावर आई-बाबांच्या लग्नातली अल्फा अजून आहे. वरून गोधड्या, खाली कागदपत्रं. खटका अजून 'टक्‌' वाजतो. "बघ, याला म्हणतात क्वालिटी," बाबा म्हणतात. मी एकदा म्हटलं, "अहो बाबा, ती वर्षातून एकदा मे महिन्यात बाहेर पडायची. माझी बॅग एका महिन्यात आठदा विमानात जाते." त्यांना पटलं नाही.

पण त्यांच्या मजबूतीची कल्पना साफ होती. वर बसलं तरी फुटता कामा नये. फलाटावर गाडीची वाट बघताना सगळं घर त्या सुटकेसवर बसायचं. ही कल्पना जगभर होती. अमेरिकेत डेन्व्हरला जेसी श्वायडरने 1910 मध्ये ट्रंकांचा धंदा सुरू केला, बायबलमधल्या बलदंड सॅमसनचं नाव आपल्या पेटीला दिलं आणि जाहिरातीसाठी एका सुटकेसवर फळी टाकून त्यावर घरातली पाच माणसं उभी केली. त्याचीच पुढे सॅमसोनाईट झाली. मजबूत म्हणजे वजन पेलणारी, म्हणजे जाड आणि कडक. मूठ निखळली तर दुकानात बदलून मिळायची, पण कवच तडकलं की संपलं. पत्रेवाल्याचा काळ इथे संपला.

आणि मग आली चाकं.

1970 मध्ये बर्नार्ड सॅडो नावाचा अमेरिकन बॅग-कंपनीतला माणूस अरूबाहून सुट्टी संपवून परतत होता, दोन जड सुटकेस घेऊन. कस्टम्समध्ये एक कामगार अवजड मशीन चाकांच्या फळीवरून सहज ढकलत नेताना त्याला दिसला. घरी येऊन त्याने सुटकेसला चार बारीक चाकं आणि ओढायला पट्टा लावला, 1972 मध्ये पेटंट मिळालं. माणूस 1969 मध्ये चंद्रावर जाऊन आला होता आणि सुटकेस अजून हातातच होती, हा विनोद सगळे करतात, मीही केला. पण आपल्याकडे पाहिलं तर त्यात नवल नाही. हमाल असताना चाक कुणाला सुचणार? पट्ट्याची बॅग कुत्र्यासारखी मागे डोलायची आणि वळणावर आडवी व्हायची. 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, दोनच चाकं ठेवली आणि वर सरकणारा दांडा लावला. तीच आजची ट्रॉली. त्यानंतर आली चारही बाजूंना फिरणारी चार चाकं.

आणि बॅग तुटण्याची जागाच बदलली. कवच आता मऊ झालंय, मुद्दाम. पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलिनची बॅग दाबली की आत जाते आणि परत बाहेर येते, वर बसायला ती नाहीच. बाबांना हे बघवत नाही. एबीएस स्वस्त आणि चकचकीत, पण कडक, म्हणून तडकतं. तरी माझ्या ओळखीत गेलेल्या बॅगांपैकी बहुतेकींचं कवच शाबूत होतं. गेलं होतं ते चाक, नाहीतर दांडा, नाहीतर चेन. कपाळाएवढ्या शोरूममध्ये गुळगुळीत लादीवर एका बोटाने बॅग फिरवून दाखवतात ती चाचणी म्हणूनच मला मान्य नाही.

माझी चाचणी अशी. घरातून शहाड स्टेशन, मधले उखडलेले पेव्हर ब्लॉक. पुलाच्या पायऱ्या चढा, उतरा. टिटवाळा लोकल, घाटकोपरला उतरायला दाराशी आधीच उभं राहा. पुन्हा पायऱ्या, मेट्रो, मरोळ नाक्याला तीन नंबरची मेट्रो आणि मग टर्मिनल टू. विमानतळावरचा गुळगुळीत भाग एकूण प्रवासाचा विसावा हिस्साही नसेल. चार चाकांच्या बॅगेची चाकं बाहेर लोंबतात, बारीक असतात आणि प्रत्येकाला दोन-दोन सांधे असतात. पायरीवर आपटलं की मार थेट सांध्यावर. दोन चाकांच्या बॅगेची चाकं मोठी, अर्धी पोटात लपलेली, आणि आसही मजबूत. शिवाय लोकलमध्ये ती आपली आपण दाराकडे पळत नाही. त्यामुळे शहाडकराने (आणि डोंबिवलीकराने, आणि खड्ड्यांतून चालणाऱ्या कुणीही) दोन चाकांचीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. दुकानात आता ती शोधावी लागते, सेल्समन जुनं मॉडेल म्हणून नाक मुरडतो. मुरडू दे.

दुसरी गोष्ट, बॅग उघडा, अस्तराची चेन खोला आणि चाक आतून कशाने बसवलंय ते पाहा. स्क्रू असतील तर घ्या, रिव्हेट असेल तर ठेवून द्या. हे मला कुठल्या रिव्ह्यूत मिळालं नाही, उल्हासनगरच्या त्या रिपेअरवाल्याने सांगितलं. त्याच्या टपरीत चाकांची माळच लटकलेली असते, तोरणासारखी. तो ब्रँड विचारतच नाही, बॅग उलटी करतो आणि पान्यापेक्षा आधी स्क्रूड्रायव्हर हातात घेतो. रिव्हेट दिसलं की चेहरा वाकडा, "ये तोडना पडेगा." कापडी बॅगेत तो चेनचे दात बघतो. रनर बदलणं त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम, पण दातच झिजले असतील तर अख्खी चेन, म्हणजे अख्खी शिलाई उसवायची.

वॉरंटीवर मात्र फार विसंबू नका. बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरांत विमान कंपनीने केलेलं नुकसान आणि नेहमीची झीज वगळलेली असते, म्हणजे महिन्यात आठ फेऱ्या करणाऱ्याच्या वाट्याला जे येतं नेमकं तेच. पट्ट्यावरून बॅग मोडकी आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रिअल करारानुसार लेखी तक्रारीला सात दिवस मिळतात, पण घरी जाऊन मग बघू म्हटलं की सिद्ध करणं अवघड जातं.

मी शेवटी घेतली ती दोन चाकांची, कापडी, 1680 डेनिअरची, चाकाला चार स्क्रू. पहिल्याच महिन्यात तिला उल्हासनगरला घेऊन गेलो आणि त्याच मापाच्या चाकांची एक जोडी आधीच विकत घेऊन ठेवली. तो म्हणाला, "अभी तो नई है." म्हटलं, राहू दे. जोडी माळ्यावर अल्फात ठेवलीय.