नसलेल्या रेल्वेचा इतिहास

जी रेल्वे कधी अस्तित्वातच नव्हती, तिचा इतिहास लिहिण्याचे प्रयोजन काय? संगणकावरील रेल्वे सिम्युलेटरसाठी काल्पनिक मार्ग रचणाऱ्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर मात्र संगणकापेक्षा जुन्या छंदात सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन या छायाचित्रकाराने घराच्या तळघरात १:८७ प्रमाणात एक डोंगरी रेल्वे उभारली. ‘गोरी अँड डिफीटेड’ हे तिचे नावच मुळी ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ अशा अर्थाचा शब्दखेळ होता. तिला गावे होती, वेळापत्रक होते, डबघाईला आलेल्या कंपनीचा थाट होता. परंतु या प्रमाणात खरा एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो. दहा किलोमीटरवरचे पुढचे स्थानक कोणत्या तळघरात मावणार? म्हणून असे छांदिष्ट अंतर आखडत आणि त्या हिशेबाने घड्याळ वेगाने पळवत. कल्पनेलाही अंकगणित चुकले नाही. १९७३च्या जानेवारीत ॲलन यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच आगीने त्यांची रेल्वे नष्ट केली. उरली ती छायाचित्रे.

त्याच काळात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ टेलिफोन यंत्रणेतील रिले वापरून छोट्या गाड्यांचे नियंत्रण करीत होता. संगणकाच्या संदर्भात ‘हॅक’ हा शब्द रूढ होण्यात या क्लबचा मोठा वाटा आहे. रुळांखालच्या तारांत रमलेली यांतील काही मुले पुढे संस्थेतील संगणकांकडे वळली. १९६२ साली ‘स्पेसवॉर’ हा आरंभीचा संगणकीय खेळ घडवणाऱ्या मंडळींत या क्लबचे सदस्य होते. २००१ साली ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ आला तो मार्ग रचण्याच्या साधनासह, आणि तळघराची अट संपली. आता कोणीही शेकडो किलोमीटरची रेल्वे कल्पू शकत होता.

जागेची अडचण संपली, तशी भौतिकीची परीक्षा सुरू झाली. गाडीला होणारा रोध मांडण्यासाठी १९२६ सालचे डेव्हिस समीकरण आजही आधारभूत आहे. त्यात एक पद स्थिर, दुसरे वेगाच्या प्रमाणात आणि तिसरे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारे. चढ आला की गुरुत्वाचा घटक त्यात मिळवावा लागतो. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाचा तीव्रतम चढ ३७ला १ आहे. सपाटीवर हजार टनांच्या गाडीचा मंद वेगातील रोध जेमतेम दोन-तीन टन. या चढावर मात्र एकट्या गुरुत्वाची ओढ २७ टन. म्हणूनच कर्जतला गाडीमागे बँकर इंजिने जोडतात. खंडाळ्याजवळ एके काळी गाडी उलट दिशेने वळवणारे रिव्हर्सिंग स्थानकही होते, कारण सह्याद्रीच्या त्या सोंडेवर चढ हलका ठेवण्याइतकी लांबी मिळत नव्हती.

इतिहासाचे प्रयोजन इथे उलगडते. बँकर, जुना उलटमार्ग, पडीक बोगदा या सजावटीच्या वस्तू नव्हेत. भूगोल, पैसा आणि इंजिनाची ताकद यांच्यातील तडजोडींच्या त्या खुणा आहेत. काल्पनिक मार्गाच्या कर्त्याने प्रत्येक वळणाला ‘हे येथेच का?’ असे विचारले, तर इतिहास आपोआप लिहिला जातो. हा प्रश्न टाळणाऱ्याचा मार्ग चित्रासारखा सुंदर होतो, पण त्यावर गाडी चालवताना काही तरी खोटे असल्याचे जाणवत राहते.

हा केवळ छंदाचा प्रश्न नाही. भारतीय रेल्वेचे लोको पायलटही सिम्युलेटरवर प्रशिक्षण घेतात. हजार टनांची गाडी बोरघाटातून सुमारे ५५० मीटर खाली उतरते, तेव्हा जवळपास १५०० युनिट विजेइतकी ऊर्जा ब्रेकांना आणि मोटारींना पचवावी लागते. पडद्यावरच्या घाटात ही ऊर्जा कमी दाखवली, तर हाताला चुकीची सवय लागेल आणि तिची किंमत खऱ्या घाटात मोजावी लागेल. रेल्वे काल्पनिक असू शकते. तिचा उतार काल्पनिक असून चालत नाही.