छाप आणि पत

आठवड्याच्या बाजारास आलेल्या शेतकऱ्यास अक्षर वाचता येत नसे; परंतु आपल्या सवयीची बिडी कोणती, हे त्याला दुकानदाराने सांगावे लागत नसे. फळीवर मांडलेल्या कट्ट्यांपैकी एकाकडे तो बोट दाखवी. त्या कट्ट्यावर कोठे मोर असे, कोठे वाघ, कोठे देवाची मूर्ती, कोठे फेटा बांधलेल्या कारखानदाराची छबी, तर कोठे नुसताच ठळक आकडा. व्यापारी भाषेत या खुणेला छाप किंवा मार्का म्हणतात. कारखानदार पुण्यास, सिन्नरास किंवा संगमनेरास. गिऱ्हाईक पाथर्डी-पारनेरच्या माळावर. दोघांची गाठ जन्मात पडण्याचा संभव नाही. तरीही एकाचा माल दुसरा निःशंकपणे घेई, कारण त्या इवल्याशा कागदाने दोघांची ओळख करून दिलेली असे. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा कागद कसा आला, त्याने कोणाची पत वाढविली आणि ती पत कोणाच्या हातांनी राखली, हा इतिहास लहान धंद्याच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

मार्का नव्हता तेव्हा मालाची पारख हाताने होत असे. नगरच्या पेठेत लुगडे घेणारी गृहिणी सूत बोटांनी चोळून पाही, काठ उजेडात धरी आणि मग भाव करी. विणणारा साळी ओळखीचा, विकणारा वाणी ओळखीचा. त्यामुळे मालावर नाव लिहिण्याचे कारणच नव्हते. माणसाची पत हीच मालाची पत होती. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून धावू लागला आणि दूरचा माल दारी येऊन पडू लागला. तो कोणी केला, हे सांगणारे माणूस त्याच्यासोबत येत नव्हते. येत होते ते चित्र. मँचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानात पाठवावयाच्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत तिकिटे चिकटवीत. त्यांवर कृष्ण, हत्ती, राजे-राण्या अशी येथल्या लोकांच्या परिचयाची चित्रे असत. समुद्रापलीकडील गिरणीवाल्यास मराठी येत नव्हते आणि गिऱ्हाइकास इंग्रजी येत नव्हते. चित्राने ती अडचण दूर केली.

तोच धडा पुढे देशी धंद्याने गिरविला. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याने देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोचविली. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला, तेव्हा तेथे चित्रांबरोबर व्यापारी मालाची लेबलेही छापली जाऊ लागली. शिळाछापात एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागतो. रंग वाढला की खर्च वाढला. म्हणून लहान कारखानदारास थोड्या रंगांत आणि थोड्या रेषांत लांबून ओळखता येईल असे चित्र हवे असे. खर्चाच्या या टंचाईतूनच सुटसुटीत मार्क्याची कला पुष्कळ अंशी घडली.

बिडीचा धंदा या कलेला फार अनुकूल ठरला. त्याला यंत्र लागत नाही. टेंभुर्णीचे पान, तंबाखू, दोरा, कात्री, पत्र्याचे माप आणि मांडीवर घ्यावयाचे सूप, एवढे साहित्य पुरते. पान विदर्भ-मध्यप्रदेशच्या जंगलातून आणि तंबाखू निपाणीकडून व गुजरातेतून येई. नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत मोडतो. पाऊस नाही म्हणजे शेत नाही, आणि शेत नाही म्हणजे घरात बसून करता येईल ते काम हवे. नगर शहरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची जुनी वस्ती आहे. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडू लागला, तसतसे त्यांच्या घरांतील स्त्रियांच्या हाती बिडीचे सूप आले. संगमनेरातही हा धंदा चांगलाच रुजला. १९२०-२१ च्या असहकारितेच्या चळवळीत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला आणि देशी बिडीला देशभर मागणी आली.

मागणी आली, तसे कारखानेही पुष्कळ झाले. आणि येथेच मार्क्याचे खरे काम सुरू झाले. एकाच्या बिडीत तेच पान, तीच तंबाखू, दुसऱ्याच्याही तेच. डोळ्यांना भेद दिसत नाही, तो दिसावा लागतो. त्यासाठी या व्यापाऱ्यांनी कोणत्याही शाळेत न शिकता चार युक्त्या योजल्या.

पहिली युक्ती चित्राची. प्राणी, पक्षी, देवता यांची नावे मूलही सांगू शकते. ‘मोर छाप द्या’ म्हटले की दुकानदाराचा हात योग्य ठिकाणी जातो. दुसरी युक्ती आकड्याची. मंगळूरच्या गणेश बिडीचा ५०१ हा आकडा नावाइतकाच प्रसिद्धीस आला, कारण आकडा कोणत्याही प्रांतात आणि कोणत्याही भाषेत चालतो. तिसरी युक्ती नावाची व छबीची. सिन्नरच्या भिकुसा यमासा क्षत्रिय यांच्या पेढीत संस्थापकाचे नाव हेच मालाचे नाव झाले. मोराचे पीस थोडे इकडे-तिकडे करून नवा मोर काढता येतो. परंतु दुसऱ्याचा चेहरा आपल्या कट्ट्यावर छापणे ही उघड चोरी होते. शिवाय चेहरा छापणारा एक प्रकारे जामीन राहतो: माल वाईट निघाला तर दोष कोणाला द्यावयाचा, हे तो आधीच सांगून ठेवतो.

चौथी युक्ती सर्वांत साधी आणि सर्वांत चतुर. २५ बिड्यांचा कट्टा विकत घेण्याइतके पैसे प्रत्येकाजवळ नसत. दुकानदार कट्टा फोडून दोन-चार बिड्या सुट्या देई. वेष्टन गल्ल्यापाशीच राही आणि चित्राचा उपयोग संपे. त्यावर उपाय म्हणून बिडी बांधण्याच्या दोऱ्याचाच रंग ठरविण्यात आला. कोणाचा लाल, कोणाचा हिरवा, कोणाचा पिवळा. ‘लाल धागा’ हे मग बिडीचे नावच होऊन बसले. कागद फाटला तरी धागा राहतो. मालाची खूण मालापासून वेगळी होऊ नये, हे तत्त्व एवढ्या स्वस्तात क्वचितच कोणी साधले असेल.

जेथे पत तेथे नक्कल ही आलीच. एखादी छाप चालू लागली की तिच्यासारखाच रंग, तशीच चौकट आणि उच्चारात एखाद्या अक्षराचा फरक असलेले नाव घेऊन दुसरा माल बाजारात उतरे. निरक्षर गिऱ्हाईक यात हमखास फसे, कारण तो अक्षरे नव्हे, तर एकंदर रूप ओळखत असे. १८६० च्या दंडसंहितेत व १८८९ च्या व्यापारी खुणांच्या कायद्यात लबाडीस शिक्षा होती. पण मार्क्याची सरकारी नोंदवही नव्हती. मार्का माझाच, हे दर वेळी न्यायालयात शाबीत करावे लागे, आणि तो खर्च लहान धंदेवाल्याच्या आवाक्याबाहेरचा होता. १९४० साली व्यापारी चिन्हांचा कायदा झाला, तो १ जून १९४२ पासून अमलात आला आणि मार्का नोंदवून घेण्याची सोय झाली. तेव्हापासून कागदावरचे चित्र ही घर-जमिनीसारखी मालमत्ता ठरली. ती वारसास देता येते आणि विकताही येते. पुढे १९५८ व १९९९ या साली नवे कायदे झाले. तथापि मूळ तत्त्व तेच राहिले.

परंतु चित्र हे सर्वस्वी मालकाचे असते काय? देवांची आणि थोर पुरुषांची नावे वापरण्याची चाल या धंद्यात सर्रास होती. त्यामागे श्रद्धा होती, तसाच हिशेबही होता; लोकांच्या मनात आधीच असलेला आदर आपल्या मालास विनामूल्य मिळे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने अशा काही नावांस संरक्षण दिले. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज व महात्मा गांधी यांची नावे आहेत. जेथे कायदा पोचत नाही तेथे लोकमत पोचते. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ कित्येक वर्षे खपत होती. २०२० साली त्या नावाविरुद्ध जोराची चळवळ झाली आणि कंपनीने आपल्या बिडीस ‘साबळे बिडी’ हे नाव दिले. उसनी घेतलेली पत धनी केव्हाही परत मागू शकतो, हाच याचा अर्थ.

आता पत राखली कोणी, हा प्रश्न उरतो. चित्र एकदा काढले की झाले; पण त्या चित्राच्या नावाने निघणारी प्रत्येक बिडी सारखीच निघाली पाहिजे. हे काम चित्रकाराचे नव्हते आणि मालकाचेही नव्हते. रात्री पान भिजत घालणारी, सकाळी ते मापाने कापणारी आणि दिवसभर मान खाली घालून ८०० ते १००० बिड्या वळणारी स्त्री ते काम करीत असे. संध्याकाळी माल कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे नेला की तपासणी होई. जी बिडी सैल, आखूड किंवा वाकडी, ती बाजूला काढली जाई. याला ‘छाट’ म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नसे. आणि बाजूला काढलेली बिडी नेहमीच टाकून दिली जाई असेही नाही. म्हणजे छापेचा लौकिक मालकाच्या खात्यात जमा होई आणि त्याचा खर्च वळणारणीच्या मजुरीतून निघे. कट्ट्यावर मालकाची छबी असे, देवाची मूर्ती असे. जिच्या बोटांनी तो लौकिक उभा केला, तिचे नाव कोठेच नसे.

ही गोष्ट फार काळ दडून राहिली नाही. १९३१ च्या मजूर कमिशनच्या अहवालात बिडीच्या कारखान्यांतील कोंदट जागा आणि लहान मुलांची राबणूक यांचा उल्लेख आला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात बिडीधंद्याचा समावेश झाला. नगर-संगमनेरात कामगार संघटना उभ्या राहिल्या. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात छाटीवरून आणि छाटलेल्या मालाच्या मजुरीवरून उठणाऱ्या तंट्यांचा निवाडा करण्याचीही तरतूद होती. १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधी निर्माण झाला आणि पुढे कामगारास ओळखपत्र मिळू लागले. कट्ट्यावर नाही, तरी सरकारी कागदावर वळणारणीचे नाव आले.

या कथेचा शेवटचा अंक त्याच कागदावर घडला. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींस बंदी केली. ३१ मे २००९ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर धोक्याची सूचना देणारे चित्र आले, आणि १ एप्रिल २०१६ पासून त्या सूचनेने वेष्टनाची ८५ टक्के जागा व्यापली. मोर, वाघ, छबी, आकडा हे सारे उरलेल्या जागेत आकसले. निरक्षर माणसास चित्राची भाषा कळते, हे कारखानदाराने शंभर वर्षांपूर्वी ताडले होते. तेच ज्ञान सरकारने आता त्याच्याच कागदावर त्याच्या मालाविरुद्ध योजले. ज्या मार्क्याने ‘हा माल सारखा आहे’ हे प्रामाणिकपणे सांगितले, त्याने ‘हा माल घातक आहे’ हे मात्र कधीच सांगितले नव्हते.

आज लोणची, मसाले, पापड, तूप घेऊन बाजारात उतरणाऱ्या जिल्ह्यातील बायकांच्या बचतगटासही मार्का लागतो. चार पावलांवरून ओळखू येणारे चित्र, मालापासून न सुटणारी खूण आणि वेळीच केलेली नोंदणी, एवढे तरी त्यांनी जुन्या बिडीवाल्यांकडून जरूर घ्यावे. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मुळातच वेगळी आहे: माल करणारा हात आणि मार्क्याचा धनी हे दोन्ही एकच आहेत. छाप कागदावर उमटते. पत हातांतून येते. ज्या कट्ट्यावर त्या हातांना जागा मिळाली नाही, त्याचा इतिहास याकरिताच आठवावयाचा.