मोठेबाबांचा दम

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मुर्रीचे धान पिकवणारे शेतकरी. मुर्री गोंदियाला अगदी खेटून. कॉलेजची पायरी आमच्या घराण्यात पहिल्यांदा चढले ते मोठेबाबाच. मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, कॉलेज शहरात आलं, आणि आजोबा तयार झाले. त्यांचा हिशेब सरळ होता : पोरगा शिकेलही आणि रोवणीला हाताशीही राहील.

पोरगा शिकला थोडं, खेळला जास्त. गावात हुतूतू, म्हणजे कबड्डी, होताच. धान निघालं की मोकळ्या बांधीत पोरं जमायची; दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की एकीकडे दंडारीचं लोकनाट्य, एकीकडे शिंगाड्यांचे ढीग आणि मधल्या जागेत खेळ. नियम गावागणिक वेगळे. कुठे गडी बाद झाला की आपल्या बाजूने गुण घेतल्यावर पुन्हा आत यायचा, ती संजीवनी. कुठे अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा, ती गामिनी. गामिनीत भांडणं फार होत, असं मोठेबाबा सांगत, आणि त्यांतली निम्मी बहुतेक त्यांचीच असावीत.

१९६१ मध्ये विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने कबड्डीला आपल्या खेळांत घेतलं. त्याच सुमारास मोठेबाबा कॉलेजच्या संघात होते. आखलेलं मैदान, सात गडी, शिट्टीवाला पंच. बांधीतल्या खेळाला असा मान मिळाल्याचं त्यांना म्हातारपणीही नवल वाटे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली, ही गोष्ट ते अशी सांगत, जणू स्वतः पेटी उचलून सोबत गेले होते.

नागपूरला झालेल्या एका सामन्याची कथा घरात दोन तऱ्हांनी चालते. मोठेबाबांच्या मते शेवटच्या चढाईत त्यांनी दोन गडी मारले आणि संघ जिंकला. मोठीआई म्हणे, “हरून आले होते जी, गुडघे फोडून. हळद मीच लावली.” लग्न तर पुढे बऱ्याच वर्षांनी झालं, मग हळद कुणी लावली हे कोडंच. आम्ही दोन्ही कथा जपल्या आहेत.

मी नागपुरात शिकायला गेलो तेव्हा आमचं खरं जुळलं. आंतरमहाविद्यालयीन सामने लागले की मोठेबाबा गाडीने यायचे, डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे आणि लसणाची चटणी. मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे. चढाईपटू निदान रेषेकडे सरकला की वडा हातातच राहायचा. “त्याच्या पायाकडं पाह्य बाबू, तोंडाकडं नोको पाहू,” म्हणायचे. कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेपावणार हे त्यांना आधीच कळायचं. ओठ मिटून स्वतःच दम धरायचे, चढाईपटू परत आला की मोठ्याने सोडायचे. कोणतं कॉलेज जिंकलं याचं त्यांना फारसं काही नसे. पकड चांगली झाली की समोरच्या संघालाही शाबासकी.

१९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीत भारताने सुवर्ण मिळवलं तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पुढे २०१४ मध्ये टीव्हीवर प्रो कबड्डी आली. मॅट, बूट, तीस सेकंदांचं घड्याळ हे सगळं ते आवडीने पाहत, पण मधेच विचारत, “माती कुठं गेली रे यांची?”

आता मोठेबाबा नाहीत. त्यांच्याकडून मी एवढंच शिकलो, की खेळ बघायला आपलं कॉलेज, आपला गडी असावाच लागतो असं नाही. कॉलेजच्या सामन्यांना हल्ली प्रेक्षक कमी असतात. तुमच्या गावात असा सामना असेल तर जरूर जा, आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत न्या. शेजारी बसून जे ऐकायला मिळेल, ते टीव्हीवरच्या कुठल्याही समालोचनात नसतं.