फवारणी पंपाचं इंजिन मॉडेल विमानाला कसं बसवतात? आधी जपायचा तो पंखा

नांदेड : सोयाबीन कापणीचा ब्रश कटर किंवा पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप आता गावोगाव दिसतो. त्यातलं टू-स्ट्रोक इंजिन रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानालाही चालतं. काम अवघड नाही, पण चुकीला माफी नाही.

कोणतं इंजिन घ्यावं?
25-26 सीसीचं इंजिन सोयीचं. कार्बोरेटर डायफ्रामचा असावा. फ्लोटचा असेल तर विमान उलटं होताच पेट्रोल तुटतं.

काय काढायचं, काय ठेवायचं?
क्लच, दोरीचा स्टार्टर आणि प्लास्टिकचं कव्हर काढतात. थंड हवा मग विमानाचा पंखाच देतो, म्हणून सिलिंडरच्या पाकळ्या झाकू नयेत. चुंबकाचं फ्लायव्हील आणि कॉईल मात्र ठेवायचे. ठिणगी त्यांच्यावरच पडते. वजन कमी करायला फ्लायव्हील ग्राइंडरने घासू नये, बॅलन्स जातो.

पंखा बसवणं
क्रँकच्या आट्यांना बसेल असा हब लेथवर करून घ्यावा. वेल्डिंगचा जुगाड नको. इंजिन कोणत्या बाजूला फिरतं ते पाहूनच पंखा निवडावा. 26 सीसीला 16 ते 18 इंची पंखा लागतो. 18 इंची पंखा मिनिटाला 7,500 फेऱ्यांवर असताना त्याचं टोक ताशी सुमारे 650 किमी वेगाने फिरतं. तडा गेलेला पंखा चिकटवून परत वापरू नये.

बंद करायची सोय
कॉईलची वायर अर्थ करणारा स्विच बाहेरून हाताला येईल असा असावा. ठिणगीचा त्रास रेडिओला होतो, म्हणून रिसीव्हर इंजिनपासून लांब ठेवावा आणि थ्रॉटलला लोखंडी तारेऐवजी प्लास्टिकची दांडी लावावी. रिमोट बंद केला की इंजिन मंद झालंच पाहिजे. हे जमिनीवरच तपासावं.

फुलसावंगीची आठवण
शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी (ता. महागाव) येथे ऑगस्ट 2021 मध्ये मारुती 800 च्या इंजिनवर हेलिकॉप्टर बनवणाऱ्या तरुणाचा चाचणीवेळी पंखा तुटून डोक्याला लागल्याने मृत्यू झाला. मॉडेलचं इंजिन लहान असलं तरी धोक्याची जात तीच. चाचणीला इंजिन जड बाकाला बोल्टने आवळावं. पंख्याच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत कुणी उभं राहू नये. सुई फिरवायची ती मागूनच.

नियम
ड्रोन नियम 2021 प्रमाणे 25 किलोपर्यंतचं, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान ‘मॉडेल’ धरलं जातं. बिगर-व्यावसायिक वापरात रिमोट पायलट प्रमाणपत्राची सूट 2 किलोपर्यंतच आहे. पेट्रोल इंजिनचं विमान त्याहून जड भरतं. नांदेड, लातूरच्या विमानतळांजवळ बंधनं आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपलं शिवार कोणत्या रंगात येतं ते बघावं.