सिगारेट गेली, सॉकेट उरलं

नेव्हिगेशनचं यंत्र काचेवर छान बसवलेलं असतं, पण गाडी खड्ड्यात आदळली की चार्जरचा दिवा विझतो. अंगठ्यानं आत दाबला की पुन्हा लागतो. शिव्या चार्जरला बसतात, पण खोट बऱ्याचदा जुनी असते. चार्जर ज्यात बसतो ते सॉकेट काही धरून ठेवण्यासाठी केलेलंच नव्हतं. आत घातलेली वस्तू वेळ झाली की बाहेर ढकलायची, हे त्याचं मूळ काम.

मोटारीतल्या सुरुवातीच्या विजेच्या लायटरला रिळावर गुंडाळलेली वायर असे. लायटर ओढून तोंडापाशी न्यायचा, सिगार पेटवायचा, सोडून द्यायचा. जोशुआ मॉरिस यांना १९२१ साली अमेरिकेत पेटंट मिळालं ते ही वायर काढून टाकल्याबद्दल. लायटर सॉकेटमध्ये तापवायचा आणि उपटून हातात घ्यायचा. त्याच दशकाच्या मध्यापासून अमेरिकी कंपन्या गाडीबरोबरच लायटर देऊ लागल्या. पुढे त्यात द्विधातूच्या पट्ट्या आल्या. लायटर दाबला की सॉकेटच्या तळाच्या या पट्ट्या त्याचं बूड पकडतात, वीज खेळते, तारेचं वेटोळं लालबुंद होतं. त्या धगीनं पट्ट्या फाकतात आणि स्प्रिंग 'टक्' करून लायटर बाहेर लोटते. काम चोख, पण सिगारेटपुरतं.

चार्जरच्या नशिबी ही पकडही नाही. टोकाला धन, कडेला ऋण. कडेच्या दोन पत्र्यांच्या जिवावर तो तगतो आणि टोकाची त्याची स्वतःची स्प्रिंग त्याला बाहेर रेटत राहते. म्हणून चार्जर घेताना पॅकवरच्या अँपिअरच्या आधी हे पत्रे बोटानं दाबून पाहावेत. लिबलिबीत असतील तर तो चार्जर घेऊ नये.

१९५०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या आणि जेमतेम २१ मिलिमीटरच्या या भोकावर हवा भरायच्या पंपापासून दाढीच्या यंत्रापर्यंत सगळे जगू लागले. नेव्हिगेशनची पाळी बरीच उशिरा आली. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यानंतर सुटी यंत्रं धडाक्यात खपू लागली. टॉमटॉम गो हे त्यातलंच एक, २००४ चं. यांची बॅटरी काही तासांतच मान टाकायची, त्यामुळे चार्जर सक्तीचाच. यंत्राला लागतात ५ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना गाडी देते साधारण १४. बऱ्याच मोठ्या ट्रकमध्ये तर यंत्रणाच २४ व्होल्टची, म्हणून ट्रकसाठी '१२–२४ व्होल्ट' छापलेलाच चार्जर घ्यावा.

केबलचीही एक गंमत होती. गार्मिन कंपनीच्या कित्येक जुन्या नेव्हिगेशन यंत्रांना मिनी-यूएसबीची साधी केबल लावली की त्यांना वाटायचं, आपण कॉम्प्युटरला जोडले गेलो. नकाशा गायब! गाडीच्या मूळ केबलमध्ये चौथ्या पिनला एक रेझिस्टर असे, त्यावरून यंत्र ओळखायचं की हा चार्जर आहे. जवळपास सारख्याच दिसणाऱ्या केबलसाठी लोकांनी जास्त पैसे मोजले ते यामुळे.

स्टँडची कुळी वेगळी, भानगडी मात्र तितक्याच. रबरी वाटी काचेला चिकटते ती बाहेरच्या हवेच्या दाबानं. उन्हात रबर मऊ पडलं, कडेला धूळ बसली की आत हवा शिरते आणि यंत्र मांडीवर. काच आणि वाटी दोन्ही पुसून घेतली तर फरक पडतो. यंत्र काढून नेलं तरी वाटीचा गोल डाग काचेवर राहायचा. तो पाहून चोर गाडी फोडतात, म्हणून ब्रिटनमधले पोलीस डाग पुसून जा असं सांगत. कॅलिफोर्नियात तर काचेवर असं यंत्र लावायलाच मनाई होती. १ जानेवारी २००९ पासून खालच्या कोपऱ्यात जागा मिळाली: चालकाच्या बाजूला ५ इंची चौकोन, पलीकडे ७ इंची. आपल्याकडे २०२० च्या नियमदुरुस्तीनं गाडी चालवताना हातातलं यंत्र रस्ता शोधण्यापुरतं चालेल असं म्हटलं, तेही लक्ष विचलित होणार नसेल तर. तोवर टॅक्सीवाल्यांनी एसीच्या जाळीला फोन कधीच अडकवला होता.

युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोनबरोबर सुट्या नेव्हिगेशन यंत्रांनाही टाइप-सी सक्तीचं केलं. गाडीकडचं टोक मात्र अनेक ठिकाणी तेच आहे. फक्त झाकणावर आता सिगारेटऐवजी प्लगचं चित्र असतं, आत द्विधातूच्या पट्ट्या नसतात, आणि यात लायटर खोचू नका अशी ताकीद गाडीच्या पुस्तिकेत सापडते.