वरसईचा अस्सल कागद

रोह्याला लागून वरसे आणि पेण तालुक्यात वरसई. बाहेरचा माणूस हमखास गल्लत करतो. लिहिलेल्या शब्दावर विश्वास किती ठेवावा, या प्रश्नाचा इतिहास मात्र वरसईचा.

तिथल्या विष्णुभट गोडशांनी 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेची वाट धरली आणि ते बंडात सापडले. 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळं मोडीत लिहून काढलं. भटजींच्या मृत्यूनंतर, 1907 साली, वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला. पण भाषेला आपलं वळण देऊन आणि काही मजकूर गाळून. हेतू वाईट नसावा. तरी वाचकाच्या हाती पडले ते पूर्णपणे भटजींचे शब्द नव्हते. अस्सल हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचलं होतं, म्हणून 1966 साली दत्तो वामन पोतदारांना मूळ संहिता छापता आली. मध्ये एकोणसाठ वर्षं गेली!

ते मंडळ 1910 साली स्थापन करणारे वि. का. राजवाडे यांचा जन्मही वरसईचाच, 1863 मधला. संशय हा त्यांचा धर्मच होता म्हणा. बखरींचा रसाळपणा त्यांना भुलवू शकला नाही. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढताना त्यांनी पानिपतच्या काळातली मूळ पत्रं पुढे ठेवली आणि बखरींतल्या चुका दाखवल्या. त्यासाठी गावोगावची दप्तरं, रुमाल धुंडाळत ते आयुष्यभर हिंडले.

जुने कारकूनही भाबडे नव्हते. पत्राच्या अखेरच्या शब्दाला चिकटून मोर्तब उठवायचं, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये. कागद लांब झाला तर जोडांवर मागून शिक्के मारायचे. शिक्काही खोटा करता येतोच; पण त्यासाठी कारागीर लागे, आणि पकडला गेला तर त्याची धडगत नसे.

वैद्यांच्या प्रतीमागे अस्सल होतं, बखरीसमोर पत्र ठेवता येत होतं. पण एआयसारख्या यंत्राने जुळवलेल्या मजकुरामागे पुष्कळदा असा कागदच नसतो, आणि आजचा अविश्वास जुन्यापेक्षा खोल आहे तो त्यामुळे. जानेवारी 2024 मध्ये एका गेमिंग ॲपची भलामण करणारा आपला व्हिडिओ बनावट असल्याचं खुद्द सचिन तेंडुलकरला सांगावं लागलं. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्राप्तिकराचा असा आदेश आला, ज्यात आधार म्हणून दिलेले तीन न्यायनिवाडे कुठे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि एआयने दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं अधिकाऱ्यांना बजावलं.